मामांच्या कॅफेतली जुनी मशीन आणि ओपनअरेना: कामाच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार

बेळगावच्या वडगावातल्या मामांच्या दुकानात आता झेरॉक्स, लॅमिनेशन आणि ऑनलाईन अर्ज एवढंच चालतं. त्या कामाला समोरचं एक मशीन पुरतं. पाठीमागच्या खोलीत सायबर कॅफेच्या काळातली सहा मशीन कापड टाकून ठेवलेली. त्यातली पाच कोअर टू ड्युओ, दोन-दोन जीबी रॅम, ग्राफिक्स मदरबोर्डवरचंच. सहावं पेंटियम फोर, एक जीबी रॅम, त्याच्याकडे कुणी बघतही नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबरला संपतोय आणि ११ या मशीनवर अधिकृतपणे बसतच नाही, कारण टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. मामा म्हणाले, "भंगारवाला किलोवर मागायलाय. तुला काय करायचं ते गणपतीच्या आत कर, नंतर खोली मंडळाला पाहिजे."

गल्लीतल्या पोरांची मागणी एकच, काउंटर स्ट्राइक. या खोलीत एकेकाळी तेच चालायचं, एका कॅफेतून दुसऱ्या कॅफेत पेनड्राईव्हवर फिरलेली कॉपी. नीट करायचं तर प्रत्येकाचं स्टीम या ऑनलाईन गेम-दुकानावरचं खातं, प्रत्येकाची विकत घेतलेली प्रत आणि इंटरनेट. पाठीमागे इंटरनेटची तार नाही आणि चोरीची कॉपी मामांच्या दुकानात मी बसवणार नाही. त्या कॉप्यांबरोबर काय काय यायचं ते मामांनी त्या काळात भोगलंय.

म्हणून ओपनअरेना, हा फुकटचा गोळीबाराचा गेम. इड सॉफ्टवेअरने क्वेक थ्री अरेना हा गेम डिसेंबर १९९९ मध्ये काढला आणि ऑगस्ट २००५ मध्ये त्याच्या इंजिनाचा सोर्स कोड जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला केला. नकाशे, चित्रं, आवाज मात्र खुले केले नाहीत, ते आजही विकतच घ्यावे लागतात. ओपनअरेनावाल्यांनी तेच इंजिन घेऊन बाकीचं सगळं स्वतः बनवलं. शेवटची मोठी आवृत्ती ०.८.८, सन २०१२ ची. सहा मशीनवर टाका नाहीतर साठ, कुणाची परवानगी नको. मूळ क्वेक थ्रीला ६४ एमबी रॅम पुरायची, तेव्हा आमची दोन जीबी म्हणजे श्रीमंती.

पोरं जरा हिरमुसली. त्यातला एक म्हणाला, "बॉम्ब ठेवायचा नसतोय काय मग?" नसतोय.

१३ जुलै, रविवार

मंगाईची जत्रा जवळ आल्याने मामींना खोली झाडून हवी होती, त्या निमित्ताने सगळी मशीन उघडली. जुलैतल्या बेळगावात बंद खोलीत लोखंडाला ओल सुटतेच. दोन मशीन चालू केली की नुसती पीं-पीं वाजत होती. रॅम काढली, सोनेरी दात पांढऱ्या खोडरबरने घासले, कोरड्या ब्रशने खाचा झाडल्या, परत बसवली. दोन्ही उठली. हे काम ज्याला येतं त्याला हार्डवेअरवाल्याला निम्मे पैसे द्यावे लागत नाहीत.

पंख्याखालची पेस्ट सगळीकडे वाळून खडू झालेली, ती पुसून नवी लावली. प्रत्येक मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी बदलली. बॅटरी मेली की मशीन दर वेळी कुठल्यातरी जुन्या साली जागं होतं, आणि मग सिस्टीम टाकताना घोळ होतो. पॅकेजची यादी तपासणारा प्रोग्राम तारीख बघतो आणि "ही यादी अजून लागू झालेली नाही" म्हणून काहीच घेत नाही. वेबसाईटची प्रमाणपत्रंही तसंच करतात. पहिल्यांदा तारीख, मग बाकी सगळं.

शेजारी यंत्रमाग आहेत. चार माग एकदम सुरू झाले की आमचा बल्ब मिचमिचतो आणि एका मशीनचा एसएमपीएस, म्हणजे वीज पुरवणारा डबा, लगेच मान टाकतो. मागवाले अण्णा कानडीतून म्हणाले, "करंट होत्रि?" म्हणजे लाईट गेली का. मी म्हटलं, गेली नाही, तुम्हीच खाल्ली. हसले. त्यांनी सांगितलेली गोष्ट मात्र कामाची निघाली: आमच्या पाठीमागच्या खोलीचा आणि त्यांचा फेज एकच आहे. वायरमनला बोलावून खोलीचं कनेक्शन दुकानाच्या पुढच्या भागाच्या फेजवर घेतलं. मिचमिच बंद.

१९ जुलै, शनिवार

मशीन दुकानाच्या पुढच्या भागात आणून, मामांच्या नेटवर, डेबियन १२ ही फुकटची लिनक्स सिस्टीम टाकली, हलका एक्सएफसीई डेस्कटॉप. पेंटियम फोरवर ३२ बिटवालं, तेही पडद्याविना, नुसती काळी खिडकी. ओपनअरेना डेबियनच्या भांडारातच आहे. खेळायचं पॅकेज वेगळं, सर्व्हरचं वेगळं. ज्यांना विंडोजवर ठेवायचंय त्यांना तर याहून सोपं: चारशे एमबीच्या आसपासची झिप उतरवायची, एका फोल्डरमध्ये सोडायची आणि आतली फाईल चालवायची. इन्स्टॉलर नाही, रजिस्ट्री नाही, काढायचं तर फोल्डर पुसायचा.

गेम उघडला आणि कन्सोल उघडेना. कन्सोल म्हणजे एस्केपच्या खालच्या बटणाने वरून खाली येणारी आज्ञांची खिडकी, तिच्याशिवाय यातलं काही नीट लावता येत नाही. कारण हाताला लागलं ते आमच्याच गावचं. अर्ज भरायला लागते म्हणून सिस्टीम टाकतानाच मी इंग्रजीबरोबर कानडी आणि मराठी कळफलक घेतले होते, आणि त्या वेळी चालू होता कानडी. त्या बटणातून गेमला हवं ते चिन्ह निघतच नव्हतं. कळफलक इंग्रजीवर आणला की कन्सोल उघडतो. कळफलक बदलायचा कंटाळा असेल तर शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं तरी उघडतो.

खेळाडूचं नावही इंग्रजी अक्षरातच घेतो, देवनागरी नाही की कानडी नाही. पोरांना त्याचं काही वाटलं नाही. नावाच्या आधी टोपीचं चिन्ह आणि आकडा टाकला की रंग बदलतो (१ लाल, २ हिरवा, ३ पिवळा, ४ निळा), यावर मात्र संध्याकाळ गेली.

पुढे जिथे आज्ञा येतील तिथे त्या कानाला ऐकू येतात तशा लिहितोय. टाइप करताना शब्दांच्या मधे खालची रेघ.

२० जुलै, रविवार

तारा. जुन्या तारांपैकी निम्म्या उंदरांनी सोललेल्या. नवी कॅट फाईव्ह ई आणली, खडे बाजारातून आठ पोर्टचा जुना शंभर एमबीपीएसचा स्विच. गिगाबिट घ्यायची गरज नाही. हा गेम एका खेळाडूमागे सेकंदाला काही किलोबाइट नेतो, बस्स.

क्रिम्पिंगचा, म्हणजे तारेच्या टोकाला प्लग बसवतानाचा, रंगांचा क्रम: पांढरा-नारंगी, नारंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना तोच. माझ्याबरोबर बसलेल्या नववीतल्या पोरीने दुसऱ्या तारेपासून स्वतःच केलं आणि माझ्यापेक्षा सरळ केलं.

राउटर नाही, त्यामुळे पत्ते हाताने दिले: १९२.१६८.१०.१ सर्व्हर, ११ ते १५ खेळाडू. मशीनवर स्केच पेनने आकडा लिहिला.

२७ जुलै, रविवार

पाचही मशीनवर गेम सुरू. चौकोनी सतरा इंची मॉनिटर, त्यांचं खरं रिझोल्यूशन १२८० बाय १०२४, पण मदरबोर्डवरच्या ग्राफिक्सला ते झेपत नाही. आर मोड ४, म्हणजे ८०० बाय ६००. आर पिकमिप ३, म्हणजे भिंतींवरची चित्रं पुसट होतात आणि वेग वाढतो. बदल केल्यावर व्हिड रीस्टार्ट द्यावं लागतं. सीजी ड्रॉएफपीएस १ केलं की कोपऱ्यात सेकंदाला किती चौकटी काढतोय तो आकडा दिसतो. आमच्याकडे साधारण सत्तर ते नव्वद, मारामारीत पंचेचाळीसपर्यंत खाली. मोठा नकाशा उघडताना एका मशीनवर हंक अ‍ॅलॉकची, म्हणजे गेमने राखलेली मेमरी कमी पडल्याची, चूक येऊन गेम बंद पडला. कॉम हंकमेग्स १२८ वरून २५६ केल्यावर मिटलं.

या सगळ्या सेटिंग एका साध्या मजकुराच्या फाईलमध्ये लिहिल्या, नाव ऑटोएक्झेक, शेवटी सीएफजी. गेमची स्वतःची कॉन्फिग फाईलही तिथेच असते, पण ती गेम बंद होताना तो पुन्हा लिहितो, हाताने केलेलं पुसलं जाऊ शकतं. ऑटोएक्झेकला तो हात लावत नाही.

मग मामी चहा घेऊन आल्या. नेमकी त्याच वेळी पडद्यावर ओपनअरेनाची एक पात्र आली, जिच्या अंगावर कपडे कमी आणि आत्मविश्वास जास्त. मामी काही बोलल्या नाहीत. कप ठेवले, पडदा बघितला, माझ्याकडे बघितलं आणि गेल्या. जो कुणी हे लहान पोरांसाठी लावणार असेल त्याने आधीच समजून असावं, ओपनअरेनातली काही पात्रं आणि रक्तमांस हे मोठ्यांसाठी आहे. उपाय: सीजी फोर्समॉडेल १, मग तुमच्या पडद्यावर सगळे तुम्ही निवडलेल्या पात्राच्याच रूपात दिसतात. मी सगळ्या मशीनवर एकच साधा चिलखती गडी निवडला. कॉम ब्लड ० आणि सीजी गिब्ज ० ने रक्त आणि उडणारे तुकडे गेले. एक फायदा अनपेक्षित: सगळेच सारखे दिसत असल्याने बारीक, अंधारात लपणारं पात्र घेऊन कुणाला गैरफायदा घेता येत नाही.

३ ऑगस्ट, रविवार

आजचं काम खरं काम. आत्तापर्यंत चालू करणं होतं, आता न्याय.

गेल्या रविवारपासून तक्रार एकच: अकरा नंबरवाला नेहमी जिंकतो. पोरांचं म्हणणं तो मशीनला काहीतरी करतो. तो काहीच करत नव्हता. गेम त्याच्या मशीनवर होस्ट केला होता, म्हणजे सगळ्यांचा सर्व्हर त्याच्याच मशीनवर. जो होस्ट करतो त्याचा पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ, शून्य, त्याची गोळी थेट निर्णय देणाऱ्याच्या कानात. बाकीच्यांना तारेवरून जावं लागतं. लॅनवर, म्हणजे खोलीतल्या तारांच्या जाळ्यावर, हा फरक थोडा असतो हे खरं, पण त्याच मशीनला खेळ आणि सर्व्हर दोन्ही वाहावं लागत असल्याने सगळ्यांचाच खेळ मधूनच अडखळायचा.

म्हणून डेडिकेटेड सर्व्हर, म्हणजे ज्यावर कुणी खेळत नाही असा वेगळा सर्व्हर, आणि तो त्या दुर्लक्षित पेंटियम फोरवर. सर्व्हरला चित्र काढायचं नसतं, ग्राफिक्स लागत नाही. फक्त कोण कुठे आहे, गोळी कुणाला लागली याचा हिशेब ठेवायचा आणि तो सेकंदाला वीस वेळा सगळ्यांना पाठवायचा. एक जीबीत तो झोपा काढत करतो. डेडिकेटेड १ म्हणजे फक्त घरच्या जाळ्यावर, २ दिलं तर तो इंटरनेटवरच्या यादीत नाव नोंदवायला जातो. आपल्याला १. दरवाजा यूडीपी २७९६०, फायरवॉल लावली असेल तर तेवढा उघडायचा. त्याच मशीनवर दुसरा सर्व्हर उठवला तर तो आपोआप २७९६१ घेतो, आणि खेळाडूंच्या लॅन यादीत २७९६३ पर्यंतचे दिसतात.

आता सगळे तारेवरून, सगळे सारख्या अंतरावर. तरी तेरा नंबरवाली, तीच क्रिम्पिंगवाली, म्हणाली, "दादा, मला त्या वरच्या कठड्यावर उडी बसत नाही. ह्याला बसते. आम्ही मशीन बदलून बघितलं, मग मला बसते आणि ह्याला नाही."

हिला शाबासकी. कारण हा क्वेक थ्रीचा सगळ्यात प्रसिद्ध विक्षिप्तपणा आहे आणि तिने तो काहीही न वाचता पकडला. गेममधलं गुरुत्व ८००. प्रत्येक चौकटीला वरचा वेग तितक्या प्रमाणात कमी होतो, आणि मग वेग पूर्णांकात गोल केला जातो. सेकंदाला १२५ चौकटी असतील तर एक चौकट ८ मिलिसेकंदांची, वेगातून ६.४ जायला हवेत, गोल होऊन जातात ६. म्हणजे गुरुत्व थोडं कमी, उडी थोडी उंच. चौकट ११ मिलिसेकंदांची असेल तर ८.८ ऐवजी ९ जातात, उडी बुटकी. म्हणूनच जुने खेळाडू कॉम मॅक्सएफपीएस ८५ वरून १२५ वर नेतात, डोळ्यांसाठी नव्हे, पायांसाठी. आमच्या मशीनचे वेग वेगवेगळे. एकात पंख्याची हवा बरी, एकात रॅमच्या दोन पट्ट्या. म्हणजे कुस्तीत एकाला लाल माती आणि दुसऱ्याला चिखल देऊन जोड लावल्यासारखं.

उपाय सर्व्हरवर आहे: पीमूव्ह फिक्स्ड १ आणि पीमूव्ह एमसेक ८. मग मशीनचा वेग काहीही असो, प्रत्येकाची हालचाल ८ मिलिसेकंदांच्याच तुकड्यांत मोजली जाते. पुन्हा मशीन अदलाबदल करून पाहिलं. कठड्यावर आता दोघंही चढतात.

शिवाय एसव्ही प्युअर १, म्हणजे सर्व्हरवरच्या पीके थ्री (नकाशे-चित्रं भरलेल्या) फाईल सोडून दुसरी कुठलीही फाईल घेऊन कुणी खेळायला आला तर सर्व्हर घेत नाही. मोठ्या, चमकणाऱ्या शत्रूची चित्रं घुसवायचा मार्ग बंद.

राहिला माउस. एक गोळीवाला माउस होता, तो मामांच्या टेबलावर गेला आणि मामांचा ऑप्टिकल इकडे आला. मामांना अजून कळलेलं नाही. सीएल माउसअ‍ॅक्सेल ० सगळीकडे, म्हणजे हात जोरात हलवला म्हणून नेम जास्त फिरत नाही. सेन्सिटिव्हिटी ज्याची त्याने ठरवायची, त्यात मी पडत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

काल राखी, त्यामुळे आज अर्धी पोरं मामाच्या गावाला, खानापूर नाहीतर येळ्ळूरला. कालच डेबियन १३ आलं. घेणार नाही. त्यात ३२ बिट मशीनसाठी इन्स्टॉलरच नाही, म्हणजे पेंटियम फोर बाहेर. १२ ला अजून सुरक्षा सुधारणा मिळत राहतील, आणि ही मशीन इंटरनेटवर नाहीतच.

दोघंच असली की खेळ सुना वाटतो म्हणून बॉट मिनप्लेयर्स ४. माणसं कमी पडली की सर्व्हर बॉट, म्हणजे संगणकच चालवतो तो खेळाडू, घालतो, माणूस आला की बॉट निघून जातो. बॉटना नकाशा कळायला प्रत्येक नकाशाबरोबर एक एएएस फाईल लागते. ओपनअरेनातल्या नकाशांना असते, बाहेरून उतरवलेल्यांना नसेल तर बॉट येतच नाहीत.

१७ ऑगस्ट, रविवार

स्वातंत्र्यदिनाची सुट्टी जोडून आल्याने खोलीत बसायला जागा नव्हती. एका काकांचा मुलगा लॅपटॉप घेऊन आला, त्याला मोबाईलच्या हॉटस्पॉटवरून जोडायचं होतं. नाही म्हटलं. वायफायवर पिंग एकदम चढतो, मग तो माणूस दुसऱ्यांच्या पडद्यावर उड्या मारत सरकतो आणि त्याला मारणंही अवघड होतं. त्याला स्विचमधलं रिकामं पोर्ट दिलं, पत्ता १६.

अ‍ॅग्रेसर हा छोटा नकाशा सगळ्यांना आवडला. रॅकडीएम १७ अंतराळातला, खाली पोकळी, पाय घसरला की संपलं. तिथे रेलगनवाल्याचं राज्य. रेलगन एका गोळीत १०० घेते आणि दीड सेकंदाने पुन्हा झाडता येते. नवख्यांनी तिथे जाऊ नये. त्यांच्यासाठी उलट जी इन्स्टंटगिब १ बरं: सगळ्यांना फक्त रेलगन, एक गोळी म्हणजे एक बळी. कुणी लाल चिलखत अडवून बसायचा प्रश्न नाही.

बाकी खेळात चिलखत आणि क्वाडच्या (थोडा वेळ मारा वाढवणारी वस्तू) वेळा पाठ असणाऱ्याचं फावतं. चिलखत २५ सेकंदांनी परत येतं, मेगाहेल्थ ३५, क्वाड १२०. मी हे आकडे कागदावर लिहून भिंतीला चिकटवले. माहीत असलेल्याने एकट्याने खायची गोष्ट नाही ती. ज्याला आधीपासून माहीत होतं तो जरा नाराज झाला, "दादा, ते लिहायला नको होतं की." हवंच होतं.

दुपारी लाईट गेली. फेज बदललाय, पण लाईटच नसेल तर फेज काय करणार. यूपीएसवर फक्त सर्व्हर आणि स्विच आहेत. लाईट आल्यावर मशीन उठली तेव्हा सर्व्हर चालूच होता, पण खेळाडूंचे गुण गेलेले, जोडणी तुटली की ते जातात. म्हणून फ्रॅगलिमिट (किती बळींवर डाव संपतो) ३० वरून १५ आणि टाइमलिमिट १० मिनिटं. छोटे डाव, गेले तर थोडंच जातं.

२४ ऑगस्ट, रविवार

बुधवारी गणपती. आज संध्याकाळी खोली मंडळाच्या ताब्यात, पावती पुस्तकं आणि लाईटिंगच्या पेट्या येऊन पडल्या आहेत. सकाळी दोघांदोघांच्या लढती लावल्या, जी गेमटाइप १. नकाशा आणि बाजू चिठ्ठी टाकून. शेवटची लढत तेरा नंबरवाली आणि अकरा नंबरवाला. मधे मशीन बदलायची हे दोघांनीच ठरवलं, मी काही बोललो नव्हतो. ती दोन गुणांनी हरली आणि हरल्यावर म्हणाली, "रेलगनचा नेम कच्चा आहे माझा." मशीनचं नाव निघालं नाही.

ऑटोएक्झेक आणि सर्व्हरची फाईल पेनड्राईव्हवर घेतली, एक प्रत मामांच्या मशीनवर. मशीन मागच्या भिंतीला लावून, तारा गुंडाळून, उंदरांसाठी डांबराच्या गोळ्या ठेवून वर प्लास्टिक. भंगारवाल्याला मामांनी स्वतःच परत पाठवलं, मला न विचारता.

विसर्जनानंतर करायचं: जी गेमटाइप ४, म्हणजे झेंडा पळवायचा खेळ, पीएस ३७ सीटीएफ नकाशावर. त्याला तीन विरुद्ध तीन तरी लागतात आणि लॅपटॉपवाला दर रविवारी येईल असं नाही, म्हणून एक मशीन अजून हवं. मागवाल्या अण्णांच्या घरी एक जुनं पडलंय, त्यांच्या मुलाला संघात घ्यायचं या अटीवर द्यायला तयार आहेत. आणि मामांना एक माउस घेऊन द्यायचा.